दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या तुला

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. पहिली दोन पानं मंडळीच्या बातम्यांची. गायनवृंदात कोण आलं, कोण रुसून गेलं, संडे स्कूलला शिक्षक कसे मिळत नाहीत, मंडळीच्या वडीलजनांच्या सभेत काय झालं. आणि अगदी शेवटी, कागद संपत आला तेव्हा, एक बारीक अक्षरातली ओळ: "दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना शब्द आपोआप येतात, स्वतःसाठी गुडघे टेकले की काहीच सुचत नाही." मला वाटतं, तू ती ओळ लिहायलाच बसली होतीस आणि तिच्यापर्यंत पोचायला दोन पानं लागली. म्हणून मी रुसवे-फुगवे बाजूला ठेवतो आणि उत्तर त्या ओळीला देतो.

हे दुखणं तुझ्या एकटीचं नाही. आणि गंमत म्हणजे नवख्यापेक्षा मुरलेल्या सेवकाला ते जास्त छळतं, कारण मुरलेल्याला प्रार्थना "येते". आजाऱ्याच्या खाटेशी कुठली वाक्यं, लग्नात कुठली, दफनाच्या वेळी कुठली, सगळी ओळीने येऊन उभी राहतात. रविवारी तू पुढे उभी राहून डोळे मिटतेस, तोंडाने "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" सुरू होतं, आणि डोक्यात चाललेलं असतं की कीबोर्डची वायर पुन्हा सैल झाली की काय, मागच्या खोलीत मुलांचा एवढा गलका कशाचा, अर्पणाची पिशवी नक्की कुणाकडे दिली. लोक मनापासून "आमेन" म्हणतात. ती प्रार्थना खोटी असते असं मी मुळीच म्हणणार नाही. देव ती ऐकतो, आणि जिच्यासाठी ती केली तिला तिचा आधारही होतो. फक्त तिच्यावर तुझी स्वतःची गुजराण होत नाही. आठवडाभर दुसऱ्यांची नावं देवापुढे नेणाऱ्या मुलीचं नाव कोण नेतं, हा प्रश्न तसाच राहतो.

तुला मी विचारलं की तुझ्यासाठी कोण प्रार्थना करतं, तर तू म्हणशील, "सगळी मंडळी करते." करत असेल. उपासनेत "आमच्या सर्व सेवकांना बळ दे" हे एक वाक्य येतं, ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग येते. त्याला मी नावं ठेवत नाही. पण तुला नेमकं काय हवंय हे त्यातल्या कुणाला ठाऊक आहे? तू कुणाला सांगितलं आहेस?

प्रेषित पौलाकडे बघ. त्याच्याइतकं दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणारा माणूस नव्या करारात शोधावा लागेल. तरी तो पुन्हा पुन्हा मागतो: माझ्यासाठी प्रार्थना करा. थेस्सलनीकाकरांना मागतो, रोमकरांना मागतो, कलस्सैकरांना मागतो. रोमकरांना तर तो बारकाईने सांगतो की यहूदीयात विरोध करणाऱ्यांच्या हातून मी सुटावं आणि यरुशलेमेसाठी मी नेत असलेली मदत तिथल्या पवित्र जनांनी गोड मानून घ्यावी. म्हणजे भीती आहे हेही कबूल, आणि आपण नेलेली भेट नाकारली जाईल की काय अशी धाकधूक आहे हेही कबूल. इफिसकरांना लिहिताना तो बेड्यांत आहे. आपण असतो तर पहिली विनंती बेड्या सुटाव्यात म्हणून केली असती. तो मागतो ते वेगळंच: तोंड उघडीन तेव्हा मला शब्द मिळावा, मी धैर्याने बोलावं. ज्याच्या बोलण्याने शहरं हादरली त्या माणसाला शब्द मिळतील की नाही याची खात्री नव्हती, आणि हे त्याने लपवलं नाही. तुला संडे स्कूलच्या वर्गापुढे जाताना पोटात गोळा येतो, हे एका माणसाला सांगायची तुला लाज का वाटावी?

गेथशेमाने बागेत, धरला जाण्याच्या रात्री, तर खुद्द प्रभूने तिघा शिष्यांना म्हटलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ते तिघे झोपले हे खरं. तू ज्यांना सांगशील त्यांतलेही काही झोपतील, हे आताच गृहीत धर. तरीही त्याने मागितलं होतं.

म्हणून माझी पहिली गोष्ट ही: दोन माणसं निवड. गर्दी नको. शक्य असेल तर एखादी अशी म्हातारी निवड, जिला मंडळीच्या राजकारणात रस नाही आणि जिच्या पोटात गोष्ट राहते. आणि तिला "माझ्यासाठी प्रार्थना करा" एवढंच मोघम सांगू नकोस. नेमकं सांग. "अमक्या बाईंचा मला राग येतो आणि रविवारी त्यांच्याशी हसून बोलावं लागतं, त्यासाठी प्रार्थना करा." "मला झोप लागत नाही, त्यासाठी करा." मोघम विनंतीला मोघमच प्रार्थना मिळते.

विल्यम केरीचं नाव तुला माहीत आहे. इंग्लंडहून आलेला मिशनरी; १८११ साली मराठी नवा करार ज्यांच्या बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला, त्यांच्यातला तो. पण त्याच्यामागे अँड्र्यू फुलर नावाचा एक पाळक होता, त्याची आठवण कमी निघते. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंगमध्ये मूठभर लोकांनी मिशन सोसायटी काढली, तेव्हा जमलेली रक्कम होती तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. फुलर नंतर सांगायचा की ते सगळं एखाद्या खोल, अंधाऱ्या खाणीत माणूस उतरवण्यासारखं होतं. मी उतरतो, पण दोर तुम्ही धरायचे, असं जणू केरी म्हणाला. फुलर कधी भारतात आला नाही. १८१५ साली मरेपर्यंत तो त्या सोसायटीचा चिटणीस राहिला, वर्गण्या गोळा करत, पत्रं लिहीत, टीकाकारांना उत्तरं देत. आणि केरीची बहीण पॉली, जिला पक्षाघाताने कित्येक दशकं अंथरुणाला खिळवलं होतं, तिथूनच भावासाठी प्रार्थना करत राहिली. तू आत्ता खाणीत आहेस. वर दोर कुणाच्या हातात आहे ते तरी तुला ठाऊक असू दे.

आता थकव्याबद्दल. तू लिहिलंस, "माझा विश्वास कमी पडतोय बहुतेक." इतक्या लवकर हा निष्कर्ष काढू नकोस. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर उतरला आणि थोड्याच काळात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूत आला तेव्हा त्याने उपदेश केला नाही, प्रार्थना कर असंही म्हटलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण वाट लांबची होती. देवाचा प्रश्न आला तो त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. आधी जेवण, झोप, मग पुन्हा जेवण. तुझ्या पत्रावरून दिसतं की शनिवारी रात्री तू एकपर्यंत गाण्यांच्या प्रती काढत बसतेस आणि रविवारी सकाळी उपाशी जातेस. मग स्वतःसाठी शब्द सुचत नाहीत यात नवल ते काय?

आणि झोप महिनोन्महिने उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जा. चार्ल्स स्पर्जनसारखा उपदेशक आयुष्यभर खिन्नतेच्या झटक्यांशी झुंजला. १८५६ साली लंडनमध्ये त्याच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्या धक्क्याने तो पार कोसळला होता. पुढे आपल्या विद्यार्थ्यांना त्याने सेवकाच्या मनाच्या या अंधाराबद्दल उघडपणे शिकवलं. देवाने ज्याला औषधाचं ज्ञान दिलं त्याच्याकडे जाण्यात अविश्वास कसला?

"नाही" म्हणण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मी लिहितोच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, पाहिला आणि सरळ सांगितलं की हे बरं नाही, तू तर झिजशीलच आणि तुझ्याबरोबर हे लोकही. लोकही! हा भाग आपण विसरतो. सगळं एकटीने ओढलं की मंडळीला आराम मिळतो असं तुला वाटतं, पण जे काम दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं तेही तू त्यांच्या हातून काढून घेत असतेस. इथ्रोने मोशेकडे काय ठेवलं ते वाच: लोकांची गाऱ्हाणी देवापुढे नेणं, त्यांना नियम शिकवणं आणि अवघड तेवढे तंटे. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनीही तेच केलं. सात माणसं निवडून ते काम त्यांच्याकडे दिलं, आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा धरून राहिले. दोन्ही वेळा कामाची वाटणी झाली ती प्रार्थनेला जागा राहावी म्हणून. तेव्हा खुर्च्या मांडायचं काम त्या धडधाकट तरुणांना दे. वाकड्या मांडल्या तर मांडू देत.

स्वतःच्या प्रार्थनेसाठी मी तुला काही मोठी पद्धत सांगणार नाही. एकच पथ्य सांगतो. दिवसातली थोडी वेळ अशी ठेव, जिचा मंडळीला काडीचाही उपयोग नाही. त्या वेळेत वाचलेला उतारा रविवारच्या वर्गासाठी वापरायचा नाही, सुचलेला विचार वहीत टिपायचा नाही, कुणाच्या आजारपणाची यादी काढायची नाही. शब्द सुचले नाहीत तर एखादं स्तोत्र उसनं घे. अठ्ठ्याऐंशीवं घे. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाचं एकही वाक्य नाही, तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा मिळाली आहे. तेही झेपलं नाही तर गप्प बस. तू पुढे उभी राहून प्रार्थना करतेस तेव्हा शांतता दोन क्षण लांबली तरी लोक चुळबुळ करतात. इथे तसं कुणी नाही.

सोडून जावंसं वाटतं, असंही तू एका ठिकाणी लिहून खोडलं आहेस. खोडलेलं वाचता येतं बरं का. त्यावर मी "धीर धर, नांगराला हात घातला आहेस" वगैरे म्हणणार नाही, ते तुला ऐकवणारे पुष्कळ असतील. तू एपफ्रदीताबद्दल वाच, फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय. मंडळीने त्याला पौलाच्या मदतीला पाठवलं, आणि तो तिथे मरणाच्या दारी पोचण्याइतका आजारी पडला. मंडळीला आपल्या आजाराचं कळलं म्हणून तो कासावीस. म्हणजे आजारी हाच, आणि काळजी घरच्यांना वाईट वाटलं असेल याची! अगदी तुझ्यासारखा. पौलाने त्याला परत पाठवलं, आणि मंडळीला लिहिलं की याला आनंदाने जवळ घ्या, अशांचा मान राखा. काम अर्धं टाकून आला, असा एक शब्दही नाही. काही दिवस थांबावं लागलं तर थांब, आणि त्याला पराभव म्हणू नकोस. थांबायचं नसेल, तर कलस्सैच्या मंडळीला पौलाने अर्खिप्पासाठी दिलेला निरोप मी तुला देतो: प्रभूमध्ये मिळालेली सेवा पूर्ण करण्याकडे लक्ष दे. त्याची सेवा कुठली ते शास्त्र सांगत नाही. कदाचित गाण्यांच्या प्रती काढायचीही असेल.

तुझ्यासाठी मी जी प्रार्थना करतो, ती लिहून पाठवतो. शब्द सुचत नसतील तेव्हा हीच वाच.

"हे प्रभू येशू, तू शिमोन पेत्रासाठी त्याचं नाव घेऊन विनंती केलीस की त्याचा विश्वास ढळू नये. तशीच या मुलीसाठी कर. ती तुझ्या लोकांची ओझी वाहते, तिचं ओझं तू वाहा. तिला आज रात्री झोप दे. जे तिला टोचून बोलतात त्यांना तिने मनातल्या मनात उत्तरं देत बसू नये, इतकी मोकळीक दे. तिची स्तुती होते तेव्हा तिला सांभाळ, कोणी विचारत नाही तेव्हाही सांभाळ. ज्या मुलांना ती शिकवते त्यांच्यातलं एखादं तरी तिला दिसेल असं वाढू दे. दिसणार नसेल, तर न दिसता पेरत राहायचं बळ दे. तिच्या बाजूला उभी राहतील अशी माणसं पाठव. आणि सेवेच्या आधी ती तुझी लेक आहे, हे तिला विसरू देऊ नकोस. आमेन."

दर शुक्रवारी सकाळी मी तुझं नाव घेतो. पण मलाही आता मोघम प्रार्थना नको आहे. तेव्हा पुढच्या पत्रात बातम्या शेवटच्या पानावर टाक. आधी लिही: कुठली दोन माणसं निवडलीस, शनिवारचं कुठलं काम कुणाकडे दिलंस, आणि या महिन्यात मी तुझ्यासाठी नेमकं काय मागू. आणि हो, माझा गुडघा पुन्हा धरला आहे, जिना चढवत नाही आणि त्यामुळे मी घरच्यांवर चिडचिड करतो. त्या चिडचिडीसाठी तू माझं नाव घे.

प्रभूमध्ये तुझा,
पाळककाका