वाचकांचे प्रश्न : चिप छापणारं यंत्र एकट्या नेदरलँड्सचं का?

प्रश्न : सर्वांत बारीक चिप्स छापणारी ईयूव्ही (अतिलघू तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाची) यंत्रं फक्त नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनी विकते, असं वाचलं. एवढ्याशा देशाला जमतं ते अमेरिका-जपानला का नाही?

उत्तर : ते एकट्या नेदरलँड्सलाही जमलेलं नाही. यंत्र जुळतं फेल्डहोव्हनला, पण भाग बाहेरून येतात. नुसता आतला प्रकाशच घ्या. वितळलेल्या कथिलाचे (कल्हईचंच कथील, पण अतिशुद्ध) केसाहून बारीक थेंब निर्वात कोठीत सेकंदाला सुमारे 50,000 सुटतात. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन तडाखे. पहिल्यानं थेंब चपटा होतो, दुसऱ्यानं त्याचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) होऊन 13.5 नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश निघतो. लेझर जर्मनीच्या ट्रुम्फचा. प्रकाशस्रोताचं तंत्र सॅन दिएगोच्या सायमरचं. ती कंपनी एएसएमएलनं 2013 मध्ये विकत घेतली.

हा प्रकाश काच आणि हवा दोन्ही गिळतात. त्यामुळे भिंगं बाद, आरसेच हवेत. मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे एकाआड एक थर चढवलेले ते आरसे झाइसचे, म्हणजे पुन्हा जर्मनी. एक आरसा जेमतेम 70 टक्के प्रकाश परतवतो; दहा आरशांनंतर तीन टक्केही उरत नाही. त्यात आरशावर कथील बसलं की कारभार आटोपला, म्हणून आत हायड्रोजन खेळवतात. तो कथिलाचा वायू करून बाहेर काढतो. जपानच्या निकॉननंही ईयूव्हीची खटपट केली होती, पण विकण्याजोगं यंत्र झालं नाही. नकाशे चोरून असलं यंत्र उभं राहील, असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : मग आपल्या गुजरातमधल्या धोलेऱ्याच्या चिप कारखान्याला हे यंत्र लागेल का?

उत्तर : नाही. टाटा आणि तैवानच्या पॉवरचिपचा तो प्रकल्प 28 नॅनोमीटर व त्याहून जाड चिप्सचा आहे. त्याला 193 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेझर-प्रकाशाची जुनी पद्धत चालते, आणि ती यंत्रं निकॉनही बनवते. मात्र या जुन्या यंत्रांच्या लेझरमधल्या वायूत 95 टक्क्यांहून अधिक निऑन असतो. हवेत निऑन दहा लाखात फक्त 18 भाग, त्यामुळे तो पोलाद कारखान्यांच्या मोठ्या ऑक्सिजन प्रकल्पांतूनच जोडउत्पादन म्हणून परवडतो. चिप्सला लागणारा जगातला जवळपास निम्मा निऑन युक्रेनमध्ये, मारिउपोल आणि ओडेसात शुद्ध व्हायचा. मार्च 2022 मध्ये युद्धामुळे दोन्हीकडचं काम थांबलं. ज्यांच्याकडे साठा आणि वापरलेला वायू पुन्हा शुद्ध करण्याची सोय होती, ते निभावले.

फोटोरेझिस्टचं, म्हणजे छपाईआधी चकतीवर चढवायच्या प्रकाशसंवेदी रसायनाचं, दुखणं वेगळं. तो बहुतांश जपानचा, आणि काही महिन्यांत त्याची मुदत संपते. साठा करून भागत नाही. जुलै 2019 मध्ये जपाननं त्याच्या निर्यातीचे नियम कडक केले, तेव्हा दक्षिण कोरियाच्या कंपन्यांची धांदल उडाली होती. पुरवठादार बदलायचा, तर नव्या रसायनावर आख्खी छपाई पुन्हा तपासून घ्यावी लागते.