जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरे : इंजिन उतरवण्याआधी एकदा गाडीखाली जा

प्रश्न : माझी 1971 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पावसाळाभर शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर बाहेर काढली. इंजिन लगेच सुरू झाले, पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, रिव्हर्सला तर नुसती करकर. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेट गेली, इंजिन उतरवावे लागेल. उतरवू का? (एक वाचक, साळगाव)

उत्तर : अजून नको. या गाडीत क्लच प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावेच लागते, दुसरी वाट नाही. म्हणूनच त्याआधी अर्धा तास गाडीखाली घालवणे परवडते. शिवाय प्लेट झिजली की क्लच घसरतो. तुमचा क्लच सुटतच नाही, म्हणजे दुखणे उलटे आहे.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पेडलपाशी असलेला मास्टर सिलिंडर ऑइल दाबतो, ते पाइपातून येऊन स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलते. हा स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) बाजूला आहे, त्यातून निघालेला पुशरॉड क्लचच्या फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या दांड्याला) जोडलेला असतो. पुशरॉडवर खडूने खूण करा, शेजारी पट्टी धरा आणि कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. रॉड साधारण अर्धा इंच, म्हणजे 12–13 मिलिमीटर सरकला पाहिजे. पुढचे सगळे या एका मापावर ठरते.

रॉड कमी सरकत असेल तर दोष हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या या भागांत. स्लेव्हचे रबरी बूट मागे सारून बघा. आत ओल असेल तर सील गेले. मग ड्रायव्हरच्या पायाशी वाकून पेडलच्या वरच्या भागावरून हात फिरवा. तिथे ओलसर लागले, कार्पेटखालचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर मास्टर सिलिंडर गळतोय. दोन्ही कोरडे असतील तर लवचीक होज बघा. जुना होज पेडल दाबताना बेडकासारखा फुगतो आणि रॉडचा प्रवास (सरकणे) तिथेच खाऊन टाकतो.

यानंतरची जागा बहुतेक जण बघतच नाहीत. मास्टरचा पुशरॉड आणि पेडल यांना जोडणारी क्लेव्हिस पिन काढून हातात घ्या. पन्नास वर्षांत ती मधोमध अर्धचंद्रासारखी खाल्ली जाते, पेडलचे भोकही लांबट होते. तिथला प्रत्येक मिलिमीटर थेट वाया जातो. नवी पिन टाका, भोक वेल्डने भरून पुन्हा गोल ड्रिल करा. फोर्ककडच्या पिनची झीज मात्र तेवढी मनावर घेऊ नका. स्लेव्हच्या आत स्प्रिंग असते, ती पिस्टन कायम बाहेर ढकलत राहते आणि तिकडची ढिलाई आपोआप भरून निघते. कुणी फोर्कला बाहेरून रिटर्न स्प्रिंग अडकवली असेल तर आजच काढा. इतर गाड्यांच्या सवयीने लावतात, पण या गाडीत ती प्रवास कमी करते.

मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा इंच. क्षेत्रफळाच्या हिशेबाने मास्टर 2.8 मिलिमीटर सरकला की स्लेव्ह 1 मिलिमीटर सरकतो. म्हणून लाइनमध्ये थोडी हवा राहिली तरी गिअर अडतो. नेहमीच्या पद्धतीने हवा लवकर निघत नाही, कारण पाइप मास्टरकडे वर चढतो आणि बुडबुडे वरच्या टोकाला जमतात. खालून वर भरा : स्लेव्हच्या ब्लीडर निपलला स्वच्छ नळी लावून मोठ्या सिरिंजने नवे डॉट 4 ब्रेक ऑइल हळूहळू ढकला. आधी वरच्या टाकीतले जुने ऑइल शोषून घ्या आणि भोवती ओले फडके ठेवा. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उतरवते. निपलला इंची पाना लावा. मिलिमीटरच्या पान्याने कडा गोल होतात आणि मग दुसराच ताप.

सिलिंडर उघडलाच तर स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच धुवा. पेट्रोल, डिझेल लागले की रबर फुगते. बोअरमध्ये नखाला लागतील असे खड्डे असतील तर नुसते किट टाकून भागणार नाही, नवा सिलिंडर घ्या किंवा आत स्लीव्ह (धातूची नळी) बसवा. आपल्याकडच्या दमटपणात डॉट 4 पाणी ओढतेच, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला.

आता दुसरी शक्यता : रॉड पूर्ण सरकतोय, तरी क्लच सुटत नाही. तुम्ही पेडल नेहमीसारखे लागते की नाही ते कळवलेले नाही, पण चार महिने गाडी उभी असल्याने आमचा कल याच बाजूला आहे. प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटली असणार. इंजिन पंधरा मिनिटे चालवून गरम करा, मग बंद करा. गाडी मोकळ्या मैदानात, समोर माणूस किंवा भिंत नाही अशा जागी आणा. चौथा गिअर टाका, हँडब्रेक घट्ट ओढा, एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर आणि स्टार्टर सेकंदभर फिरवा. असे तीन-चार वेळा, मध्ये थांबून. नाही सुटली तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून स्टार्टर मारा. गाडी लगेच चालू लागेल, तेव्हा क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर झटक्याने द्या आणि सोडा. सुटताना एक ‘टक्’ ऐकू येते. त्यानेही सुटली नाही तर मेकॅनिकचे ऐका.

पुढच्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला इंजिन सुरू करून क्लच दहा-पंधरा वेळा दाबा आणि गाडी दोन हात पुढे-मागे करा.

प्रश्न : इंजिन उतरवले तर सोबत काय काय बदलावे? आणि रोलर रिलीज बेअरिंग मिळते म्हणतात, ते घ्यावे का? (पणजी)

उत्तर : प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (फोर्कने सरकून क्लच सोडवणारे), क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकातले स्पिगॉट बुश आणि मागचे ऑइल सील. यातला एकही भाग वाचवून पैसे वाचत नाहीत. स्पिगॉट बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

मूळ रिलीज बेअरिंग कार्बनचे असते. आमचे मत, तेच ठेवा. ते झिजते ते पेडलवर पाय ठेवून चालवल्यामुळे. रायबंदरच्या फेरीबोटीच्या उतारावर रांगेत उभे राहताना कितीतरी जण गाडी क्लचवर तोलून धरतात. कार्बन तिथेच संपतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. बेअरिंग बसवताना त्याच्या तारेच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी नीट अडकल्या आहेत ना, ते आरसा धरून बघा. एक क्लिप निसटली तर सगळे इंजिन पुन्हा बाहेर.

प्रश्न : गाडी सोडताना आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून ‘धप्प’ असा आवाज येतो. तारांची चाके आहेत. गॅरेजवाला डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा संच) उघडायचे म्हणतो. (मडगाव)

उत्तर : आधी चाके. मागचे एक चाक उचला, स्टँड लावा, हँडब्रेक ओढून ठेवा आणि चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. हब स्थिर आणि चाक हलते, तर स्प्लाइन्स (हब आणि चाक एकमेकांत अडकवणारे दात) झिजल्या. चाक काढून बघा : चांगले दात माथ्यावर सपाट असतात, झिजलेले सुरीसारखे धारदार होतात. हब आणि चाक जोडीनेच बदला, जुन्या हबवर नवे चाक बसवले तर तेही लवकरच खराब होते. स्प्लाइन्स वर्षातून एकदा धुऊन ग्रीस लावा. आणि हे नक्की तपासा : मधला नट सैल करताना तो चाक पुढे जाताना फिरते त्याच दिशेने फिरला पाहिजे. हब डावे-उजवे अदलाबदल झाले असतील तर नट चालता चालता सुटतो.

चाक ठीक निघाले तर पुढची चाके अडवा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे क्रॉस (सांधे) हाताने पिळून बघा. एक योक (सांध्याचा दोन बोटांचा भाग) हलून दुसरा लगेच हलला नाही, किंवा कपाच्या कडेला तांबडी भुकटी दिसली, तर क्रॉस संपला. समुद्राची हवा आणि कोरडे ग्रीस, दोन्ही त्याच्या जिवावर उठतात. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनवर छिन्नीची खूण करा. शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत आले नाहीत तर वेगात गाडी थरथरते.

हे सगळे ठीक असेल तरच डिफरन्शियलकडे वळा. ट्यूब ॲक्सल असेल तर बहुतेक वेळा आतले थ्रस्ट वॉशर पातळ झालेले असतात, गिअर नव्हे.

प्रश्न : 1963 ची एमजीबी. चोर्ला घाटात चढावर इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. बेल हाउसिंगखाली थेंब पडतो. (डिचोली)

उत्तर : क्लच घसरतोय. तो थेंब कशाचा, ते आधी ठरवा : पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल विरघळेल, इंजिन किंवा गिअरबॉक्सचे ऑइल तरंगेल. तुमचे इंजिन तीन बेअरिंगचे आहे, म्हणजे क्रँक तीन बेअरिंगवर बसलेला आहे. त्यात मागे ओठाचे (रबरी कडेचे) सील नाही, ऑइल परतवणारी नुसती चक्राकार खाच असते, म्हणून थोडे गळणे या इंजिनच्या स्वभावातच आहे. पण प्लेटला ऑइल लागले की ती धुऊन चालत नाही, बदलावी लागते.

इंजिन काढण्याआधी एक चाचणी करा. क्लच घसरू लागला की सुरक्षित जागी थांबून स्लेव्हचा निपल क्षणभर उघडा आणि बंद करा. लगेच पकड आली तर होज आतून बुजलाय किंवा मास्टरचे परतीचे भोक बंद आहे. मास्टरच्या पुशरॉडला किंचित तरी ढिलाई हवी, नसेल तर ते भोक उघडत नाही.

प्रश्न : गिअरबॉक्समध्ये 90 नंबरचे ऑइल टाकू का? (फोंडा)

उत्तर : नको. चार सिंक्रोच्या बॉक्समध्ये (चारही पुढचे गिअर करकर न करता पडतील अशी सोय असलेल्या) 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी करणारी जोड) असली तरी तेच. ईपी 90 फक्त मागच्या ॲक्सलमध्ये.