‘ते दुसरं गाणं पुन्हा म्हणाल का?’

ताई,
आमचा पाच जणांचा ख्रिस्ती बँड आहे. गेली सहा वर्षं, वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस आम्ही दौऱ्यावर असतो. मी कीबोर्ड वाजवते आणि गाते. यंदा सगळं एकदमच अंगावर आलं. गाडीचं इंजिन बसलं, त्यात साठवलेले पैसे गेले. गिटारवाला भांडून निघून गेला. ड्रमर दोन दौऱ्यांच्या मधे रात्रपाळ्या करतो, तो कधीही आजारी पडेल अशी भीती वाटते. मंचावर मी रोज आशेबद्दल बोलते आणि आतून मला काहीच वाटत नाही.
दोन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी ११ जण आले होते. कार्यक्रमानंतर आम्ही वायरी गुंडाळत होतो, तर एक वयस्क बाई स्पीकरजवळ येऊन उभी राहिली. हातातली पिशवी तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. म्हणाली, ‘ते दुसरं गाणं पुन्हा म्हणाल का?’ मी म्हटलं, ‘आता सगळं बंद केलंय.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. कीबोर्ड अजून चालू होता, ताई. मी खोटं बोलले. तेव्हापासून मला नीट झोप नाही. आम्ही थांबावं का? देवानं आम्हाला बोलावलंच नव्हतं का?
— वाटेवरची एक

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इंजिन, पैसे, गिटारवाला, सगळं तू एकेका वाक्यात उरकलंस. त्या बाईपाशी मात्र थांबलीस. पिशवी कशी धरली होती, ती काय म्हणाली, कीबोर्ड चालू होता की बंद, सगळं लिहिलंस. जिला आतून काहीच वाटत नाही तिला दोन महिन्यांनी हे आठवत नाही. तू आटली नाहीस. तू फार दमली आहेस. या दोन गोष्टींची गल्लत करून कुठलाही निर्णय घेऊ नकोस, म्हणून आधी हे लिहितेय.

आता तुला रोज छळणारी गोष्ट. मन रिकामं असताना आशेची गाणी म्हणणं हा ढोंगीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. त्या गाण्यातली आशा तू त्या संध्याकाळी स्वतःच्या मनात तयार करून लोकांना द्यायची नसते. ती तुझ्या आधीपासून आहे, तू फक्त ती म्हणून दाखवतेस. येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, ही गोष्ट तू मंचावरून कितीदा तरी सांगितली असशील. आपण ती सांगताना फार भरभर तुरुंगाची दारं उघडणाऱ्या भूकंपाकडे जातो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय, पुन्हा सावकाश वाच. त्यांना छड्यांनी मारलं होतं, पाय खोड्यात अडकवले होते, आणि गाणं भूकंपाच्या आधीचं आहे. त्यांच्या जखमा धुतल्या गेल्या त्या नंतर, दारं उघडल्यावर, तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातून. म्हणजे गाताना त्या उघड्याच होत्या. ऐकणारे कोण, तर शेजारच्या कोठड्यांतले कैदी. त्या वेळी पौलाला आतून काय वाटत होतं ते तिथं लिहिलेलंच नाही. मला याचा नेहमी आधार वाटतो.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. आशेचं गाणं म्हणणं खोटं नाही, मात्र रोज फक्त आशेचंच म्हणणं हळूहळू खोटं होत जातं. तुमच्या गाण्यांची यादी काढ आणि बघ. शेवटच्या कडव्यात सगळं सुटत नाही, असं एक तरी गाणं आहे का? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला सगळ्यात मोठा गट विलापाचा आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. तरीही त्याच्या शिरोभागी मुख्य गवयासाठी सूचना आहे, म्हणजे ते कोपऱ्यात बसून रडायचं खासगी टिपण नव्हतं, ते मंडळीसमोर गायचं होतं. ज्यांनी ते उपासनेत ठेवलं त्यांचा देवावरचा विश्वास आपल्यापेक्षा कमी नव्हता. तुम्हीही एक तसं गाणं करा. तुला सध्या आतून जे वाटतंय तेच त्याचे शब्द होतील, आणि त्या रात्री तुला काही लपवावं लागणार नाही.

यावरून एक खरी हकीकत सांगते, कारण ती तुझ्याच वाटेवरच्या माणसांची आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात १८६६ मध्ये, गुलामगिरी संपल्यावर लगेचच, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फिस्क नावाची शाळा सुरू झाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा तिचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी घेतले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी, शाळेसाठी पैसे उभे करायला, ते गायनाच्या दौऱ्यावर निघाले. पियानोवर एला शेपर्ड ही तरुणी होती. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. हॉटेलं त्यांना खोली देत नसत. गर्दी कधी असायची, कधी नसायची, आणि जमलेल्या पैशांत प्रवासखर्चही निघत नव्हता. त्याच सुमारास शिकागोत मोठी आग लागली. सिनसिनाटीच्या कार्यक्रमात त्यांना ५० डॉलरही मिळाले नव्हते. स्वतः कफल्लक असताना त्यांनी ते सगळे पैसे आगीत घरदार गेलेल्यांना देऊन टाकले.

मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. सुरुवातीला हे विद्यार्थी लोकांना आवडतील अशी त्या काळची प्रचलित गाणी म्हणत. आईबापांनी गुलामगिरीत म्हटलेली गाणी ते चारचौघांत म्हणायला तयार नव्हते. ती त्यांना पवित्र होती, शिवाय त्या दिवसांची वेदना आणि अपमान त्यांच्यात भरलेला होता. नाइलाजानं, भीत भीत त्यांनी ती म्हटली, आणि सभागृहं स्तब्ध झाली. जे ते लपवत होते तेच लोकांना ऐकायचं होतं. पुढे ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीसमोर गायले, आणि त्यांच्या कमाईतून उभी राहिलेली इमारत, ज्युबिली हॉल, १८७६ मध्ये सुरू झाली. ती आजही उभी आहे.

गोष्ट इथं संपवली तर मी तुझी फसवणूक करीन. सात वर्षं दौऱ्यांवर दौरे काढून तो संच इतका खचला, की १८७८ मध्ये तो मोडावा लागला. काहींची तब्येत कायमची बिघडली. उद्देश इतका मोठा, तो सफलही झाला, तरी माणसं झिजायची ती झिजलीच. हेतू पवित्र असला म्हणून शरीर वेगळ्या नियमानं चालत नाही. हे मी ठासून सांगते, कारण सेवेत असलेली माणसं स्वतःला यातून वगळतात.

म्हणून ‘आम्ही थांबावं का’ याचं उत्तर मी आज देणार नाही, आणि तूही आज देऊ नकोस. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, एवढंच सांगितलं. तो जेवला, झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. पुढे काय करायचं हा विषय होरेब डोंगरावर निघाला, ४० दिवसांनी. दौऱ्याच्या पुढच्या तारखा हातात असतील तर शक्य तेवढ्या रद्द कर. किमान सहा आठवडे कुठेही जाऊ नका. आयोजक नाराज होतील, होऊ देत. दोन महिने झोप नाही हे तू पत्रात जाता जाता लिहिलंस, मला ते फार गंभीर वाटतं. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. आणि एलीयासारखे विचार मनात येत असतील तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतही थांबू नकोस, आजच जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांग. हे प्रार्थनेऐवजी म्हणून सांगत नाहीये, प्रार्थनेबरोबर म्हणून सांगतेय.

पैशांबद्दल तुम्ही चौघं शेवटचं मोकळं कधी बोललात? माझा अंदाज आहे, कधीच नाही. सेवाकार्यात पैशाचं नाव काढलं की विश्वास कमी आहे असं वाटतं. नहेम्याच्या १३ व्या अध्यायात एक जागा आहे, ती फारशी कुणी वाचून दाखवत नाही. मंदिरातल्या गायकांना आणि लेव्यांना, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांना, त्यांचा वाटा मिळेनासा झाला, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्यानं त्यांना ‘तुमचं पाचारण कुठं गेलं?’ असं विचारलं नाही. तो अधिकाऱ्यांवर संतापला, देवाच्या घराकडे असं दुर्लक्ष का झालं म्हणून, आणि गायकांना परत आणून त्यांच्या जागी उभं केलं. तेव्हा तुम्हाला बोलावणाऱ्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, तारीख देण्याआधीच प्रवासखर्च आणि मानधन किती लागेल ते लिहून सांगा. जमणार नाही म्हणणारे म्हणतील. अर्पणाच्या पेटीत काय पडेल यावर चार माणसांचा महिना चालत नाही, हे पाळकांनाही कळतं, पण कुणी सांगितल्याशिवाय ते विचारात घेतलं जात नाही. ड्रमरच्या रात्रपाळ्यांचं ओझं तो एकटा उचलतोय तोवर बाकीच्यांचा हिशोब खोटाच आहे.

अजून एक, याच संदर्भातलं. १ इतिहास २५ मध्ये मंदिरातल्या गायकांची मोजदाद आहे. २८८ जण, त्यांच्या २४ तुकड्या, चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरवलेल्या. म्हणजे स्तुती अखंड चालू राहावी म्हणून प्रत्येक माणसाला रजा होती. तुम्ही पाचाचे चार झालात आणि पाळ्या मात्र तेवढ्याच ठेवल्यात.

गिटारवाल्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, तेव्हा मीही फार बोलत नाही. मार्क या सोबत्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं इतकं भांडण झालं की ते वेगळे झाले. आणि पुढे, अखेरच्या दिवसांत, पौलानंच आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधे वर्षं गेली. त्याला आज परत आणायचं नाहीये. फक्त त्याच्याबद्दल लोकांत वाईट बोलू नका.

देवानं तुम्हाला बोलावलं होतं की नाही, हे मी सांगणार नाही. जी माणसं दुसऱ्याच्या बाबतीत हे खात्रीनं सांगतात, त्यांच्यापासून तूही जरा लांब राहा. एवढं मात्र दिसतं, की तुझा प्रश्न त्या ११ आकड्यातून आला आहे. सभागृह भरलं असतं तर तू हे विचारलं नसतंस. आणि त्या ११ जणांत ती एक होती जिला ते गाणं दुसऱ्यांदा हवं होतं. भरलेल्या सभागृहातून ती तुझ्यापर्यंत पोहोचलीही नसती.

तिच्याविषयी तू अपराधी आहेस का? थोडी आहेस, आणि ते तू कबूल केलंस. दमलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते वाक्य होतं, देवाला ते कळतं. तिलाही बहुधा कळलं असेल. पण तुला झोप येत नाही, तर एक काम कर. त्या मंडळीच्या पाळकांचा नंबर तुझ्याकडे असेल. त्यांना फोन कर, पिशवी धरून आलेली ती बाई कोण होती ते विचार. ११ माणसांत ती त्यांना नक्की आठवेल. मग घरी, कुणी नसताना, कीबोर्ड लाव आणि ते दुसरं गाणं फोनवर रेकॉर्ड कर. ड्रम नकोत, गिटार नको, पुन्हा पुन्हा घेऊन सुधारू नकोस. आवाज थकलेला आला तरी राहू दे. ते त्यांच्यामार्फत तिला पाठव, आणि सोबत लिही, ‘त्या दिवशी कीबोर्ड चालू होता. मला माफ करा.’

ती सापडली की मला कळव.

तुझी,
ताई