जळलेल्या रानात बघायचं काय?

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाने सहा महिन्यांपूर्वी वणव्यात होरपळलेल्या जंगलात मार्गदर्शकाबरोबर पायी सहल ठरवली आहे. काळी खोडं बघायला मुद्दाम कशाला जायचं, असं मला वाटतं. तिथे खरंच बघण्यासारखं काही असतं का? शिवाय दुसऱ्याच्या नुकसानीचा तमाशा बघायला गेल्यासारखं नाही का होत?

उत्तर : तुमची दुसरी शंका आधी घेते, कारण ती रास्त आहे. वणव्यात नुसती झाडं जळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या आगींमध्ये १७३ माणसं गेली. अशा ठिकाणी पडक्या घरांसमोर उभं राहून फोटो काढणारे असतात आणि त्यांना तिथवर नेणारेही असतात. तुमची वाट वस्तीतून जाणार असेल, तर तिथल्या लोकांना हे चालणार आहे का, असं आयोजकांना सरळ विचारा. ते उत्तर देताना चाचरले, तर जाऊ नका. वाट फक्त रानातली असेल, तर मनात किंतु न ठेवता जा.

आता बघायचं काय. मी स्वतः अशा सहली नेते. सुरुवातीला सगळ्यांच्या माना वर असतात आणि मोबाइल हातात. मी त्यांना आधी जमिनीकडे बघायला लावते. जिथे राख अजून वाहून गेलेली नाही, तिथे तिचा रंग बघा. काळपट असेल तर जाळ वरवरून गेला. पांढरीफटक असेल तर तिथे बहुधा एखादा आडवा ओंडका तासन्‌तास धुमसत होता. हे दोन्ही रंग दोन पावलांच्या अंतरावर सापडतात. मातीतून उष्णता सावकाश उतरते, म्हणून वरवर जळलेल्या जागी काही सेंटिमीटर खालची मुळं आणि बिया पुष्कळदा शाबूत राहतात. सहा महिन्यांत बुंध्याशी फुटवे दिसतात ते तिथेच.

मग खोडांकडे वळा. सपाटीवर काळा डाग बहुतेक वेळा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला जास्त उंच चढलेला असतो, कारण झाडाला वळसा घालून गेलेला जाळ तिथे भोवऱ्यात सापडतो. सूचिपर्णी झाडांवर कधी कधी करपलेल्या सुया सगळ्या एकाच दिशेला वाकून ताठरलेल्या दिसतात. आग आली त्या क्षणी वारा कुठे वाहत होता, ते त्यावरून कळतं. थोड्या वेळाने लोक स्वतःच वाद घालू लागतात, आग ओढ्याकडून आली की टेकडीवरून. मला त्या वादाची वाट बघायला आवडतं.

खोडावर कान लावला तर करकर ऐकू येते. सालीखालच्या अळ्या लाकूड कुरतडत असतात. मेलॅनोफिला जातीच्या भुंग्यांना आगीची उष्णता दुरून जाणवते. त्यांच्या अंगावर अवरक्त किरण टिपणारे खळगे असतात. नुकतंच जळलेलं झाड चीक सोडून प्रतिकार करू शकत नाही, म्हणून ते मुद्दाम तिथे अंडी घालतात. अळ्या आल्या की सुतार पक्षी आले. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या पाठीच्या सुतार पक्ष्याला तर जळलेली रानंच मानवतात, आणि कोळशासारख्या खोडावर तो बसला की शोधूनही सापडत नाही. त्याने कोरलेल्या ढोल्या पुढे इतर पक्षी वापरतात.

मात्र ‘जंगल पुन्हा उभं राहतंच’ असं कुणी ठासून सांगत असेल, तर त्या मार्गदर्शकापासून सावध राहा. १९८८ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला. तिथल्या लॉजपोल पाइनच्या बऱ्याच झाडांची फळं राळेने घट्ट मिटलेली असतात. ती राळ साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते आणि बी खाली पडतं. तिथे नवी रोपं दाटीवाटीने उगवली. पण माउंटन ॲश ही ऑस्ट्रेलियातली उंच निलगिरी तीव्र आगीत बहुधा मरते आणि बियांवरच परतते. नवी झाडं बी धरायला पंधरा-वीस वर्षं घेतात. त्याआधी दुसरा वणवा आला की तिथलं ते रान संपलं. पातळ सालीच्या वर्षावनाला तर आगीची सवयच नसते. म्हणून मार्गदर्शकाला पहिला प्रश्न हा विचारा : इथे याआधी आग कधी लागली होती?

प्रश्न : माझे वडील सत्तरीचे आहेत आणि मुलगी आठ वर्षांची. दोघांनाही अशा सहलीला न्यावं का?

उत्तर : मुलीला न्या, पण हात सोडू नका. जमिनीखालची मुळं जळून पोकळी झालेली असते आणि वरून काहीच कळत नाही. पाय थेट आत जातो. म्हणून पायवाट सोडायची नाही. उभी मेलेली झाडं वर्षानुवर्षं कधीही पडतात, त्यामुळे त्यांच्याखाली डबा उघडून बसू नका. वारा वाढला की परत फिरायचं, मार्गदर्शक काहीही म्हणो. वडिलांना दमा किंवा हृदयविकार असेल, तर राख उडते तोवर नको. एरवी एन-९५ मास्क लावून चालेल.

पावसात मात्र कुणीच जाऊ नका. जळालेल्या पानापाचोळ्यातली मेणचट वाफ मातीत मुरून थिजते आणि पाणी आत जिरत नाही. मी बाटलीतला थेंब टाकून दाखवते, तो अळवावरच्या पाण्यासारखा मातीवर तसाच राहतो. अशा उतारावर जोराचा पाऊस झाला की चिखल-दगडांचा लोंढा सुटायला वेळ लागत नाही.

प्रश्न : जाताना सगळ्यांनी बियांचे गोळे टाकावेत, अशी कल्पना निघाली आहे. कोणत्या झाडांच्या बिया घ्याव्यात?

उत्तर : कोणत्याही नको. उत्साह समजतो, पण त्या मातीत बी आधीच दडलेलं असतं. काही वनस्पतींच्या बियांना तर धुरातूनच उगवण्याची खूण मिळते. कॅरिकिन या गटातलं ते रसायन २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखलं. कॅलिफोर्नियात वणव्यानंतर माती धरून ठेवायला बाहेरच्या गवताचं बी पेरत असत. ते गवत फोफावलं आणि स्थानिक रोपांना जागाच उरेना. तुमच्या बुटांच्या तळव्यांना चिकटूनही तण जातं, म्हणून निघण्याआधी आणि परतल्यावर बूट ब्रशने घासा.

मंडळाला काही करायचंच असेल, तर वनखात्याच्या परवानगीने वाटेवरच्या काही जागा पक्क्या करा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी उभं राहून, त्याच दिशेने फोटो काढा आणि तारखेसकट वनखात्याला द्या.