गळका नळ आणि पावसाळ्यात फुगलेले दार

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातील जुना पितळी नळ कितीही घट्ट आवळला तरी गळतोच. नवा नळ बसवावा लागेल, असे प्लंबर म्हणतात. नुसते वॉशर बदलून भागणार नाही का? — एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा भागेल. मात्र तोवर नळ आवळणे थांबवावे, कारण झिजलेल्या वॉशरवर जितका जोर द्यावा तितकी त्याखालची पितळी बैठक खराब होते आणि मग खरोखरच नवा नळ घ्यावा लागतो. पाणी कोठून गळते ते आधी पाहावे. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील, तर दोष वॉशरचा किंवा बैठकीचा असतो. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर दांड्याभोवतीचे पॅकिंग सैल झालेले असते आणि तेथील नट किंचित आवळल्याने अनेकदा काम होते.

वॉशर बदलण्यासाठी प्रथम त्या नळाकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करावा व नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. सिंकच्या भोकावर फडके घालण्यास विसरू नये. लहानसा स्क्रू मोरीत गेला की दुरुस्ती तेथेच अडते. त्यानंतर एका हाताने नळ पक्का धरून, म्हणजे भिंतीतील पाइपला पीळ बसणार नाही, दुसऱ्या हाताने पान्ह्याने वरचा भाग उलट्या दिशेने फिरवून काढावा. आत दांड्याच्या टोकाशी वॉशर दिसेल. ते दुकानात दाखवून त्याच मापाचे नवे आणावे. बसवण्यापूर्वी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे : ती गुळगुळीत असेल तर नवे वॉशर टिकेल, खाचा लागल्या तर प्लंबरचे म्हणणे बरोबर मानावे.

पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळांत मात्र सिरॅमिकच्या चकत्या असतात, तेथे आतील कार्ट्रिजच बदलावे लागते.

दुरुस्तीची घाई आहे की नाही, हे ठरवायचे असल्यास नळाखाली एक लिटरची बाटली ठेवावी. ती दोन तासांत भरली, तर दिवसाला बारा लिटर पाणी वाया जाते.

प्रश्न : पावसाळा लागल्यापासून आमचे लाकडी दार चौकटीत अडकते. सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आत्ता नको. हवेतील ओल शोषून लाकूड फुगलेले आहे. आज तासून बेताचे केलेले दार हिवाळ्यात आक्रसले की फट पडते आणि तासलेले लाकूड परत मिळत नाही. आधी बिजागऱ्या तपासाव्यात, कारण वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यानेही दार खाली झुकते व घासते, आणि दोष मात्र पावसावर जातो. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल, तर त्यात गोंद लावलेल्या काड्या ठोकून, गोंद वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळावा. तरीही दार घासत असेल, तर चौकटीला खडू फासून दार लावावे. दाराच्या कडेवर खडू उमटेल तेथे मेणबत्ती घासावी. तेवढ्यावर पावसाळा निभावतो.

दिवाळीनंतर लाकूड वाळल्यावरही दार अडकत असेल, तेव्हाच रंधा मारावा आणि तासलेली कड लगेच रंगवावी. त्याच वेळी दाराची वरची व खालची कडही पाहावी. या दोन कडा बहुतेक घरांत कोऱ्याच राहतात आणि ओल तेथूनच आत शिरते.