एक निजतो तोवर दुसरी उठते

प्रिय मैत्रिणी,

तू लिहितेस: 'माहेरी आहे. जुळी २४ दिवसांची झाली. मुलाला पाजून निजवते तोवर मुलगी उठते. रात्री सलग तासभरही झोप नाही. आई म्हणते, दूध पुरत नाही, वरचं द्या. काल पाजता पाजता सोफ्यावरच डुलकी लागली. मी कमी पडतेय का?'

नाही गं, अजिबात नाही. एक तान्हं बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. तुझी तर दोन. वेगवेगळं पाजत राहिलीस तर झोपायला वेळ उरणार कुठून? म्हणून आधी दोघांची वेळ एक कर. एक भुकेनं उठलं की दुसऱ्यालाही उठव आणि एकदमच पाज. पाठीला आधार घेऊन पलंगावर बस, मांडीवर जाड उशा घे. दोन्ही काखांत एकेक बाळ, पाय तुझ्या पाठीकडे, मान तुझ्या तळहातावर. सुरुवातीला बाळं उचलून द्यायला कुणीतरी लागेलच. नवरा तिथे असेल तेव्हा त्याला उठव, नाहीतर आईला. पाजणं तेवढं तुझं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं त्यांचं. सोफ्यावर मात्र रात्री पाजायला बसूच नकोस. डुलकीत बाळ फटीत घसरून गुदमरू शकतं.

आता दुधाचं. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळं जितकं ओढतील तितकं ते येतं, म्हणून वरचं दूध घरच्या घरी ठरवून सुरू करू नका. जुळी बऱ्याचदा कमी वजनाची असतात. डॉक्टरांनीच वरचं द्यायला सांगितलं तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझंच दूध काढून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात फ्रिजमध्ये ठेवलं तर चार दिवस टिकतं. रात्रीची एक वेळ आईनं ते वाटी-चमच्यानं पाजलं, की तुला सलग तीन-चार तास मिळतील. बाळंतिणीला अळिवाच्या लाडवाइतकीच या झोपेची गरज असते, हे आईलाही सांग.

सकाळी मालिश-अंघोळ झाली की बाळं बहुधा गाढ झोपतात. तो वेळ तुझाच. त्यात दुपट्यांच्या घड्या नकोत, मोबाइल नको, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी उठून बसणं तर मुळीच नको. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवतात, त्याचा खुशाल आधार घे. बारसंही पुढे ढकललं तर काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नकोस. बाळं झोपली असतानाही तुला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवडे गेले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळांना इजा करावी असा विचार मनात आला, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी आईला हाक मार आणि दवाखाना गाठ.

तुझी ताई