गाभण माकडिणी सांभाळताना

नाशिक सोडून माकडांच्या प्रयोगशाळेत रुजू होते आहेस, म्हणून आधीच सांगते. वणीच्या गडावर प्रसाद हिसकावणारी माकडं पाहून यांच्या तब्येतीचा अंदाज बांधू नकोस. माकड दुखणं लपवतं, पार ढासळेपर्यंत खातं, दात विचकतं. रोज सकाळी पिंजरे धुण्याआधी ट्रे बघ. शी पातळ आहे, आव पडली आहे, रक्ताची रेघ दिसते? शिगेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू असू शकतो. नमुना लगेच कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठव आणि डॉक्टरांना कळव. अंदाजपंचे अँटिबायोटिक देऊ नकोस.

मला खरी धास्ती लिस्टेरिया या जंतूची वाटते. ऱ्हीसस जातीच्या माकडाची मादी साधारण 165 दिवस गाभण असते. हा जंतू वारेतून पिल्लापर्यंत पोचतो. आई वरवर ठणठणीत आणि पिल्लू मेलेलं, असं होऊ शकतं. तो मातीत असतो, फ्रिजच्या थंडीतही वाढतो. म्हणजे पालेभाजी फ्रिजमध्ये ठेवली की निर्धास्त, असं नाही. पंचवटीच्या बाजारातली मेथी तुझी आई माती सुटेपर्यंत धुते ना, तशीच तिथली धू; शिळी, सडकी पानं टाकून दे.

गर्भपात झालाच तर वार कचऱ्यात जाऊ देऊ नकोस. कारण शोधायला तीच सर्वांत उपयोगी. हातमोजे, मास्क, चष्मा घालून उचल, पिल्लासोबत तपासणीला पाठव. त्या मादीचे आधीचे जुलाब, ताप, खाणं नोंदवहीतून काढून सोबत लिहून दे. हे जंतू माणसालाही लागतात. सोबतची कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊच नका.